बुढीची खाट, दिवसाउजेडी

सुरुवात. सगळे घरात आहेत.

एक बुढी होती.

हूं.

तिच्याजवळ एक खाट होती, अंबाडीच्या दोरानं विणलेली.

हूं.

बाकी काहीच नव्हतं. घर नाही, दार नाही. खाट आभाळाखालीच टाकलेली.

हूं.

रात्र झाली की तीन चोर येत. त्याईले खाट पाहिजे. पण बुढी झोपेच ना.

हूं.

सांगते आहे माझी आई, वच्छला. हुंकार देताहेत तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा. त्यांना सगळे भैयाजी म्हणतात. ते आतल्या खोलीत दिवाणावर पडलेत, आई बाहेरच्या खोलीत बसली आहे, तरी हुंकार चुकत नाही. गोष्ट ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा, हा त्यांच्या भिवापूरच्या घरचा रिवाज. हुंकार थांबला तर ऐकणारा झोपला असं समजायचं आणि गोष्ट तिथेच बांधून ठेवायची.

मी रेकॉर्डर धरून बसले आहे. एप्रिलची दुपार, नागपूरच्या नंदनवन भागातला पहिल्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट. कूलरच्या घरघरीत आईचा आवाज बुडतो म्हणून कूलर बंद केला आहे. मग हवेसाठी बाहेरचं दार उघडलं आहे. कूलर मी बंद केला. दार मी उघडलं.

त्याच्या जरा आधी

बुढीची खाट म्हणजे आकाशातले सात तारे. पुस्तकात त्यांना सप्तर्षी म्हणतात. चार ताऱ्यांचा चौकोन ही खाट, आणि मागे रांगेने येणारे तीन तारे हे चोर. रात्रभर खाट पुढे, चोर मागे, आणि खाट कधीच हाती लागत नाही.

लहानपणी मला वाटायचं ही गोष्ट आमच्याच घरची. पुढे कळलं की ती कुणाच्याच घरची नाही. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत तो चौकोन अस्वल आहे आणि मागचे तीन शिकारी. अरबांच्या वाळवंटात ती तिरडी आहे, आणि मागून तीन मुली चालताहेत, बापाला मारणाऱ्याचा माग काढत. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत ते घोडेचोर. आपल्याकडेही ऋषी व्हायच्या आधी ऋग्वेदात त्यांना ऋक्ष म्हटलं आहे. ऋक्ष म्हणजे अस्वलं.

एकमेकांपासून इतक्या लांबच्या माणसांना आकाशात तोच पाठलाग कसा दिसला? की कुणीतरी तो पाठलाग सोबत घेऊन चालत गेलं? माझा धंदा हा. आवृत्त्या गोळा करायच्या, कोणती कोणतीतून फुटली ते बघायचं, त्यांचं झाड काढायचं आणि फांद्यांवरून उतरत मुळाकडे जायचं. दोन गोष्टी मी कधी विसरत नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी तोच तपशील सांगितला, तर तो बहुतेक जुना. आणि गोष्टीत ज्याचा काही उपयोग नाही, ज्याचं कारण कुणाला सांगता येत नाही, असा वेडावाकडा तपशील आला तर तो फेकायचा नाही. असलं काही कुणी मुद्दाम घालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला माझं झाड जाणकारांसमोर मांडायचं होतं. भिवापूरची फांदी रिकामी होती.

“दिवसा नाही सांगत,” आई म्हणाली होती. “दिवसा गोष्ट सांगतली की मामा वाट चुकते.”

ही बंदीही माझ्या ओळखीची. ती जगात बऱ्याच ठिकाणी आहे. दिवसा गोष्ट सांगितली तर कुठे डोक्याला शिंगं फुटतात, कुठे साप निघतात. आपल्याकडे मामा वाट चुकतो. दर वेळी मामाच का, काका का नाही, हे मला अजून सापडलेलं नाही.

“मामाजी तर घरातच आहेत,” मी म्हणाले. “दिवाणावर पडून आहेत. कुठे चुकतील?”

“तुह्या त्या झाडाले रात्री पाणी नाही घालता येत काय वं?”

पण बसली.

जिथे गोष्ट तुटली

चोर म्हणे, बुढी थकली. आज नाही तर उद्या झोपीनच.

हूं.

खाटेचा दोर ढिला झाला. खाटेची झोळी झाली.

हूं.

बुढी म्हणे, माहा भाऊ येईन. भाऊ दोर आणीन. भाऊ खाट ताणून देईन, मंग मी

“आई, थांब. हा भाऊ कुठून आला? बाकी कुठल्याच आवृत्तीत भाऊ नाही. हा तू घातलास का?”

आईने मांडीवरचे हात उचलले. “गोष्टीत मधात टोकत असतेत काय? माह्या आईनं सांगतली तशी सांगून राह्यली मी. तुले पसंद नसन तर जाय, तुह्या अमेरिकेतल्या अस्वलाले विचार.”

ती चहा ठेवायला उठली. मी कूलर सुरू केला. भावापुढे मनातच खूण करून टाकली: उशिराची भर, सोडून द्यावी.

चहा घेऊन आत गेले तेव्हा दिवाण रिकामा होता. चादरीवर अंगाचा खळगा तसाच. दाराशी चपला नव्हत्या.

मेसेज

मामाजी भिवापूरला मिरचीचा व्यापार करायचे. मामी गेल्यावर ते आमच्याकडे आले, आणि आल्यावर हळूहळू विसरू लागले. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग न्हाणीघर कोणत्या बाजूला ते. परवा त्यांनी मला जेवताना विचारलं, बाई, तुमचं गाव कोणतं. म्हणून दाराला वरची कडी असते. नेहमी असते.

जिना. गच्ची. मागची गल्ली. गणपतीचं देऊळ. कुठेच नाहीत. बाहेर पाऊल टाकलं की ऊन तोंडावर आदळत होतं. या उन्हात रस्त्यावर पडलेल्या म्हाताऱ्यांच्या बातम्या रोज पेपरात येतात आणि मी त्या रोज वाचते.

खाली दुर्गेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, “ताई, पहिले मेसेज टाकू. अख्ख्या नागपूरले पोचते.” मी बोलत गेले, तो टाइप करत गेला. *भैयाजी. वय सत्तरच्या वर. आकाशी सदरा, पांढरा पायजमा, हातात हिरवी कापडी पिशवी. विसरतात. नंदनवनातून आज दुपारी निघून गेले. दिसल्यास कळवा.* खाली फोटो. पिशवी मी सांगितली, कारण पिशवीशिवाय मामाजी खालीसुद्धा उतरत नाहीत.

पोलीस ठाण्यातही सांगून आलो. त्यांनी तोच मेसेज पुढे पाठवला.

आवृत्त्या

समोरच्या कुसुमताईंची: “मी पाह्यलं न त्याईले. हिरवी पिशवी हातात, जिना उतरून राह्यले होते.”

“मग काहून थांबवलं नाही?” आई.

“मले वाटलं भाजीले चालले. पिशवी होती न हातात.”

जगनाडे चौकातून: हिरवी पिशवीवाला बुढा, रस्ता ओलांडत होता.

हसनबागेतून: हिरवी पिशवी, सोबत एक कुत्रं.

कुठल्या तरी सोसायटीच्या गटातून: हिरवी पिशवी, पिशवीत लाल मिरच्या, कुत्रं काळं. आजोबा स्वतःशी बोलत होते.

मी दुर्गेशच्या काउंटरशी उभी राहून ऐकत होते आणि माझं मन सवयीने फांद्या काढत होतं. कुत्रं नंतर आलं. मिरच्या त्याच्याही नंतर. फोटो पाहून कुणीतरी ओळखलं असेल, हे भिवापूरचे. पण पिशवी सगळ्यांत आहे. जगनाडे चौकातला माणूस हसनबागेतल्या माणसाला ओळखत नाही. दोघांनी पिशवी सांगितली. म्हणजे पिशवी खरी. म्हणजे मामाजी खरंच तिथून गेले. म्हणजे अजून चालताहेत, पडलेले नाहीत.

मग रामटेकहून कौशल्यामावशीचा फोन आला. आईच्या चुलतबहिणीचा.

“वच्छला, आपला भैया इथी आहे. गडाच्या पायऱ्यांवर पाह्यलं म्हणते एका बाईनं. हिरवी पिशवी, कपाळाले बुक्का, संग काळं कुत्रं. रामाच्या दर्शनाले आला असन.”

आई चपला शोधू लागली. “चाल. रामटेकले चाल. तो लहान असताना आमचे दादाजी त्याले गडावर नेत होते. त्याले तेच आठवलं असन.”

मलाही पटलं. रामटेक तर दुसऱ्या टोकाला, तिथली बाई इथल्या कुणालाच ओळखत नाही, आणि तरीही पिशवी. आणि कुत्रंसुद्धा. दुर्गेशने कुणाची तरी गाडी मागवली. आई मागच्या सीटवर बसली, पदराने तोंड पुसत. मी पाण्याची बाटली आणायला वर धावले.

स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला हिरवी पिशवी लटकत होती.

मूळ

मी ती काढून हातात घेतली. उघडून पाहिली. आत कालच्या कोथिंबिरीच्या दोन काड्या.

परत टांगली. परत काढली.

म्हणजे कुसुमताईंनी पिशवी पाहिलीच नव्हती. त्यांनी आधी वाचलं होतं. जगनाडे चौकाने वाचलं होतं, हसनबागेने वाचलं होतं, रामटेकच्या बाईने कुणाकडून तरी ऐकलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी कुणातरी म्हाताऱ्याला पाहिलं आणि त्याच्या हातात पिशवी दिली, जशी मी दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी एका गोष्टीच्या मुळापर्यंत पोचले होते, आणि तिथे मीच उभी होते, आकाशी सदरा, पांढरा पायजमा, हातात हिरवी कापडी पिशवी असं सांगत.

आता मामाजी कुठेच नव्हते. जगनाडे चौकात नाहीत, हसनबागेत नाहीत, रामटेकला नाहीत. इतका वेळ ते चालत होते ते फक्त मेसेजमध्ये.

पिशवी घेऊनच खाली आले.

“दुर्गेश, पिशवी नव्हती असं कुणी सांगितलं का?”

“एक होता ताई. दिघोरीचा रसवंतीवाला. पण त्याच्या बुढ्याच्या खांद्यावर दोराचं भेंडोळं होतं म्हणे. मी म्हटलं, भाऊ, तो आपला नाही. आपल्यावाल्याजवळ पिशवी आहे.” मग त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

दोर. वेडावाकडा तपशील. मामाजींना दोर कशाला?

रेकॉर्डर अजून माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता. दुकानातल्या हेडफोनला लावला आणि गोष्ट मागे नेली. एक बुढी होती, हूं. तीन चोर, हूं. खाटेची झोळी झाली, हूं. माहा भाऊ येईन, दोर आणीन, खाट ताणून देईन. आणि लगेच माझा आवाज, किती मोठा, किती घाईचा: आई, थांब. हा भाऊ कुठून आला? बाकी कुठल्याच

पुन्हा मागे. माझ्या आवाजाखाली काहीतरी होतं. पुन्हा. डोळे मिटून, बोटांनी हेडफोन कानांवर दाबून.

माझ्या प्रश्नाच्या खाली, आतल्या खोलीतून, हुंकाराच्या जागी मामाजी म्हणत होते, “आणतो.”

खाली, गाडीपाशी भांडण

“दिघोरीले?” आई म्हणाली. “इतके जण पिशवी पाह्यली म्हणून राह्यले अन् तुले एक रसवंतीवाला पटला?”

“ते इतके नाहीत आई. ते सगळे मिळून एकच आहेत. मीच आहे.”

“काय बोलून राह्यली तू?”

मी हेडफोन तिच्या कानाला लावला. तिने ऐकलं. गाडीतून उतरली. जरा वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. टप तापलेला होता, तरी हात उचलला नाही.

“उन्हाळा लागला की यायचा तो,” ती म्हणाली. “माह्या लग्नानंतर दर वर्षी. भिवापूरहून दोर घेऊन. माही खाट ताणून द्यायचा अन् त्याच दिवशी परत जायचा. बहिणीच्या घरी राहू नाही म्हणे.”

“आता खाट कुठे आहे?”

“कवाच मोडली.”

दिघोरी उमरेड रस्त्यावर आहे. तोच रस्ता पुढे उमरेडला जातो, आणि त्याच्याही पुढे भिवापूरला. त्या रस्त्याने एसटी जातात, खासगी गाड्या जातात, आणि त्यात बसलेला म्हातारा कुठेही उतरू शकतो. उतरला की पुढे शेतं, कॅनॉल, कोळशाच्या खाणी.

“मी इथीच बसते,” आई म्हणाली. “आला तर कोणी पाहिजे.” आणि ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, तिथून गल्लीची दोन्ही टोकं दिसतात.

दुर्गेशने मला स्कूटरवर घेतलं. वाटभर मला एकच दिसत होतं: रसवंतीवाल्याचा म्हातारा कुणी भलताच निघतो, आणि तोवर रामटेकच्या पायरीवर खरेच मामाजी बसलेले असतात, पिशवीशिवाय, कुत्र्याशिवाय, आणि आम्ही गेलेलो नसतो.

दिघोरी

बसथांब्यावर, पत्र्याच्या सावलीत, मांडीवर दोराचं भेंडोळं घेऊन ते बसले होते. दोर अंबाडीचा नव्हता, निळा, नायलॉनचा, वाटेत कुठून मिळवला कोण जाणे. ओठ कोरडे पडून भेगाळलेले. प्रत्येक गाडी आली की उठायचे आणि विचारायचे, “नागपूरची गाडी व्हय का गा?”

“नागपूरहूनच येऊन राह्यली बुढोबा,” एक कंडक्टर म्हणाला. “हे नागपूरच आहे.”

“थट्टा करू नको गा. बहिणीकडे जाचं आहे मले. नागपूरले.”

त्याच वेळी मागे भिवापूरची पाटी लावलेली एसटी येऊन थांबली. मामाजींनी पाटी वाचली. मी स्कूटरवरून उतरून धावत होते आणि ते पाटी वाचत होते. मग त्यांनी मान हलवली आणि परत खाली बसले. भिवापूरहून तर ते निघाले होते. तिकडे परत कशाला जायचं?

“मामाजी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख नसलेल्या बाईकडे पाहतात तसं, अदबीने.

“कोन वं तू?”

“गुंजन. वच्छलाची मुलगी.”

ते हसले. “वच्छलीचं तर आत्ता लगन झालं. येवढी पोरगी कुठून आणली तिनं?”

मी हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. पुन्हा धरला तर ते उठून उभे राहिले, आवाज चढला, “मी नाही ओळखत या बाईले,” आणि थांब्यावरची माणसं माझ्याकडे पाहू लागली. एसटीचा ड्रायव्हर चढून बसला होता. आता ते कुठल्याही गाडीत चढले असते, फक्त माझ्यापासून सुटायला.

मी हात मागे घेतले. पाण्याची बाटली बाकावर ठेवली आणि जरा लांब बसले. जरा वेळाने त्यांनी ती उचलली. प्यायले.

“दोर कशासाठी घेतला?” मी दुसरीकडे बघत विचारलं.

“बहिणीची खाट ढिली झाली. झोळी झाली म्हणे.”

“बुढीच्या खाटेसारखी?”

ते थबकले. एसटी निघून गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “तुले मालूम आहे ती गोष्ट?”

“अर्धीच. पुढची सांगा न.”

“दिवसा?” त्यांनी आभाळाकडे बोट केलं. ऊन अजून पांढरं होतं. “दिवसा नाही सांगू पोरी. मामा वाट चुकते.”

“माझे मामा घरातच आहेत,” मी म्हणाले. दुपारीही हेच म्हणाले होते.

त्यांनी विचार केला. “मंग ठीक आहे.”

“चालता चालता सांगा. मीही नागपूरलाच चालले.”

पुढची

रिक्षात बसले नाहीत. रस्त्याच्या कडेकडेने, दुकानांच्या सावल्या धरत आम्ही चाललो. दुर्गेश स्कूटर हळू हळू हाकत मागून येत होता. मामाजींनी गोष्ट पहिल्यापासून घेतली, कारण अर्धी गोष्ट मधूनच उचलत नाहीत.

एक बुढी होती.

हूं, मी म्हणाले.

मी आयुष्यात कितीतरी लोकांकडून गोष्टी घेतल्या, पण हुंकार कधी दिला नव्हता. रेकॉर्डरवर नको असतो. आता वाक्य संपलं की द्यायचं आणि पुढच्या पावलाला जपायचं. चौक आला की ते थांबायचे, डावी-उजवी विसरायचे, चेहरा बावरायचा. मी म्हणायचे, मग? बुढी काय म्हणाली? आणि ते माझ्या प्रश्नाच्या बाजूला वळायचे.

माहा भाऊ येईन. दोर आणीन.

हूं.

भाऊ आला. त्यानं खाट ताणली. अशी ताणली की बोटानं वाजवली तर ठणकन वाजे.

हूं.

बुढी आडवी झाली. किती दिवसाची जागी. झोपली.

हूं. आणि चोर?

“चोर तीन होते,” मामाजी म्हणाले. “खाटेले खूर चार. तिघाईले कुठून उचलते ती? म्हणून तर रोज मागं मागं फिरत. मंग त्या भावानं चौथा खूर धरला. चौघाईनं उचलली अन् घेऊन गेले. झोपेतच. तिले मालूमही नाही पडलं.”

मी हुंकार दिला नाही.

चार खूर, चार माणसं, आडवी झालेली बाई. वाळवंटातली तिरडी. हजारो मैल लांबची, दुसऱ्या भाषेतली, जिचा भिवापूरशी काही संबंध आहे हे मी कुणाला पटवू शकले नसते. ती उमरेड रस्त्यावर माझ्याशेजारून चालत होती, खांद्यावर निळा दोर घेऊन. रेकॉर्डर खांद्यावरच्या बॅगेत होता. मी तो सुरू केला नाही.

मामाजी थांबले. “झोपली का तू?”

“नाही,” मी म्हणाले. “हूं.”

आईची पायरी

गल्लीच्या तोंडाशी आईने आम्हाला पाहिलं आणि उठली नाही. मामाजी तिच्यापर्यंत गेले. तिच्या पांढऱ्या केसांकडे, चष्म्याकडे बघत राहिले.

“उशीर झाला वच्छले,” ते म्हणाले. “गाडीच नव्हती.”

“हाव ना,” आई म्हणाली. “वाटच पाहून राह्यली होती.”

वर आल्यावर त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या. “खाट कुठी आहे?”

आमच्याकडे प्लायवूडचा दिवाण आहे. आई क्षणभर घरभर पाहत राहिली. मग तिने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली आणि जमिनीवर उलटी ठेवली, चार पाय वर. मामाजी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि पायापायांतून दोर घ्यायला लागले. आईने साखर-मीठ घातलेलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं; ते दोर न सोडता प्यायले.

स्वयंपाकघरात तिने मला हळूच विचारलं, “त्यानं शेवट सांगतला का?”

“नाही.”

“बरं झालं. आमच्या दोघाईचा शेवट कधीच जमला नाही.” तिने हिरवी पिशवी खिळ्याला टांगली. “माहीवाली झोपत नाही.”

आता

दुसऱ्या सकाळी मी झाड मांडलं. भिवापूरच्या फांदीवर भाऊ ठेवला. कुणीतरी विचारलं, हा भाऊ कुठून आला? मला माहीत नाही, मी म्हणाले. शेवट मी कुठेच लिहिला नव्हता.

कुसुमताई अजून सांगतात की त्यांनी पिशवी पाहिली होती. रामटेकला म्हणे लोक अजून काळ्या कुत्र्याबद्दल बोलतात.

वरच्या कडीला आता कुलूप असतं, पण कुलूप कुणीतरी उघडतंच: दूधवाल्यासाठी, कचऱ्यासाठी. म्हणून आईने दुसरं काहीतरी सुरू केलं आहे. ती दिवसा गोष्ट सांगते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कूलर बंद ठेवून, घामाने निथळत. मी तिला बंदीची आठवण करून दिली.

“ते दुसऱ्याईच्या घरी,” ती म्हणाली. “आमच्या घरी नाही सांगतली तर चुकते. हुंकार आला की मले समजते, घरात आहे.”

सीमा ओलांडली की नियम असे उलटतात, हे मी नकाशावर कितीतरी ठिकाणी दाखवलं आहे. डोंगराअलीकडे पाळतात, पलीकडे तेच टाळतात. नियम उलटला त्या दिवशी तिथे कोण काय चिरत होतं, ते नकाशात येत नाही.

आत्ता ती वांगी चिरते आहे. मी टेबलाशी बसले आहे. उलटी खुर्ची अजून तशीच आहे, दोरासकट. मामाजी ती सरळ करू देत नाहीत; ते आत दिवाणावर पडलेत.

चोर म्हणे, बुढी थकली.

हूं.

बुढी म्हणे, थकली तर थकली. डोळा उघडाच आहे माहा.

आई थांबते. मीही. विळीवरचा तिचा हात थांबलेला. खाली दुर्गेशच्या दुकानात कुणीतरी मोबाइलची घंटी वाजवून बघतंय.

हूं.

या वेळी बाहेरच्या दाराजवळून.

आई पुढचं वाक्य जरा मोठ्याने सांगते.